माऊस हलला की स्पीकर किरकिरतो

मागच्या महिन्यात हौसेने स्वतः जोडलेल्या पीसीने आज अख्खा रविवार खाल्ला. गाणं बंद असलं तरी स्पीकरमधून बारीक घुंऽऽ, आणि माऊस हलवला की त्यावर किर्र-किर्र. पेज स्क्रोल केलं की किरकिरीचा सूर बदलायचा! आई म्हणाली, "रातकिडा शिरलाय का रे त्यात?"

आधी स्पीकरची पिन काढून मोबाइलला लावली. एकदम शांत. म्हणजे स्पीकर निर्दोष. (त्यांना महिनाभर उगाच शिव्या घातल्या होत्या.) मग कॅबिनेट उघडलं. पुढच्या ऑडिओ जॅकची वायर मीच ग्राफिक्स कार्डाला अगदी खेटून नेली होती, वर झिपटायने आवळलेली. पिन मागच्या हिरव्या जॅकला लावली आणि किरकिर गेली.

घुंऽऽ मात्र तसंच. साउंडचे ड्रायव्हर (आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) परत टाकले, काही फरक नाही. दुपारी चार वाजता लक्षात आलं: पीसी एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर समोरच्या भिंतीवर, दोन्हींना तीन पिनांचे प्लग. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला की ऑडिओ केबलमधून करंट फिरतो आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं गुणगुणणं कानावर येतं. ग्राउंड लूप म्हणतात त्याला. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचले. गप्प!

आता इतकं शांत झालंय की कॅबिनेटच्या मागच्या पंख्याची खरखर ऐकू येतेय.