जंताचं औषध पाजायच्या आधी पापणी बघा

शेळी खातेय पितेय, लेंड्या पण नीट टाकतेय म्हणजे जंत नसतील असं धरून चालू नका. शेळ्या-मेंढ्यांमधला सगळ्यात वाईट जंत म्हणजे हिमोंकस, हा पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पितो, एकेक मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंडीतून बाहेर, मग अळ्या गवताच्या पात्यावर चढणार आणि चरताना परत पोटात. यात हगवण सहसा लागतच नाही ना, म्हणून लक्षात येत नाही. खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा, लाल असेल तर ठीक, पांढरट पडली असेल तर अंगातलं रक्त कमी झालंय. जबड्याखाली मऊ सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि प्लीज, अख्ख्या कळपाला सरसकट तेच तेच औषध पाजत बसू नका. अंदाजाने डोस दिला आणि कमी पडला की औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात, मग पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. वजन करा, लेंडी तपासून घ्या.

कुत्र्याच्या पिल्लांमध्ये गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, म्हणून 2 आठवड्यांपासून औषध सुरू करतात, आईला पण द्यावं लागतं. गुरांचं उरलेलं आयव्हरमेक्टिन (जंताचं इंजेक्शन) मात्र कुत्र्याला अजिबात टोचू नका, कोलीसारख्या जातींच्या कुत्र्यांच्या तर जिवावर बेतू शकतं.