केलेली सही, काढलेली सही

माझी आत्या बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत एकतीस वर्षं होती. त्यातली बरीचशी चेकवरच्या सह्या नमुना सहीशी ताडून बघण्यात गेली. युद्धातल्या वैमानिकांच्या सह्या जमवायला लागलो तेव्हा पहिली सही मी मोठ्या कौतुकानं तिलाच दाखवायला गिरगावात घेऊन गेलो. हरिकेन विमानापुढे उभा असलेला तरुण, फोटोच्या कोपऱ्यात सही, खाली तारीख सप्टेंबर १९४०. सोबत विक्रेत्याचं सर्टिफिकेट. सहा महिन्यांची शिल्लक मोजली होती.

आत्यानं फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला. "ही सही केलेली नाहीये रे, काढलेली आहे."

सही करताना हात धावतो. पेन कागद सोडतं तिथे रेघ बारीक होत विरून जाते. बघून काढणारा हात सावकाश चालतो, वळणावर थबकतो, पेन उचलून पुन्हा टेकवतो, आणि रेघ सगळीकडे सारखीच जाड राहते. हे तिनं मला बोटानं दाखवलं. शिवाय सही बॉलपेनची होती, कागदावर दाबाची पन्हळ उमटली होती. बॉलपेन दुकानांतून मिळायला लागलं तेच मुळी १९४५च्या सुमाराला.

"पण सर्टिफिकेट आहे ना!"

"त्याच्यावरची सही कोणी तपासली?"

तेव्हापासून तिचा बँकेतला नियम मी पाळतो: एका नमुन्यावर सही पास करायची नाही. त्या माणसाच्या तरुणपणीच्या, उतारवयातल्या, घाईतल्या, निवांत केलेल्या, जितक्या सापडतील तितक्या सह्या शेजारी ठेवून बघायच्या. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर सही छापलेली. पत्र असेल तर त्याचं पाकीटही मागायचं, पोस्टाच्या शिक्क्यासकट.

सगळ्यात जास्त दिवस मी जेफ्री पेज या ब्रिटिश वैमानिकाच्या सहीसाठी थांबलो. रॉयल एअर फोर्सची १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन 'सिटी ऑफ बॉम्बे' या नावानं ओळखली जायची, दुसऱ्या महायुद्धाच्या निधीत मुंबईनं दिलेल्या पैशांमुळे. स्पिटफायर विमानं, बोधचिन्हावर बिबट्या. आपल्या शहराचं नाव घेऊन ही माणसं लढली हे मुंबईत किती जणांना माहीत असेल? १९४४ साली पेज या स्क्वाड्रनचा प्रमुख होता.

पण त्याआधी, १२ ऑगस्ट १९४० रोजी, वीस वर्षांचा असताना त्याचं हरिकेन पेटलं होतं. हरिकेनमध्ये इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या समोरच असायची. चेहरा आणि दोन्ही हात भाजले. तशा हातांनी पॅराशूट उघडून तो समुद्रात उतरला. इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेडच्या इस्पितळात प्लास्टिक सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया करून ते हात पुन्हा कामाचे केले. त्याच हातांनी त्यानं पुढे स्पिटफायर चालवलं.

माझ्याकडची सही त्याच्या म्हातारपणची आहे, एका टपाल पाकिटावरची. तो २००० साली गेला. आत्यानं ती बराच वेळ पाहिली. मी तिला हातांचं काहीच सांगितलं नव्हतं. "केलेली आहे," एवढंच म्हणाली. मग मी तिला सगळी हकिगत सांगितली, तर तिनं पुन्हा भिंग मागून घेतलं.

खोट्या सहीचा मला एवढा राग का येतो, असं मित्र विचारतात. पैसे बुडतात म्हणून नव्हे. अशा हाताच्या जागी भलत्याचाच हात येऊन बसतो, ते मला सहन होत नाही.

गेल्या वर्षी पार्ल्यात एका निवृत्त वैमानिकांकडे गेलो होतो. ७१च्या युद्धात त्यांनी नॅट हे लढाऊ विमान उडवलं होतं. मी नॅटचा फोटो पुढे केला. त्यांनी शाईचं पेन उघडलं आणि थांबले. "हुद्दा कुठला लिहू? निवृत्त झालो तेव्हाचा की ७१चा?"

"सर, ७१चा."

हात थरथरत होता. पण पेन टेकल्यावर सही एका झटक्यात झाली. खाली त्यांनी सावकाश लिहिलं, 'फ्लाइंग ऑफिसर', आणि शाई वाळेपर्यंत फोटो हातातच धरून बसले.