पाणी दडवणारे डोंगर : यॉर्कशायर डेल्समधील चार दिवस

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तिघे इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानात चार दिवस राहिलो. मुक्काम मॅलम या लहानशा गावात होता. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर जंगल आणि प्रवेशद्वार डोळ्यांसमोर येते, परंतु येथे गावे, कुरणे, मेंढ्या सारे उद्यानाच्या आतच नांदते आणि पायवाटा थेट शेतकऱ्यांच्या खासगी कुरणांतून जातात. त्या वाटांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. वाटांच्या खुणांवरचा पिवळा बाण म्हणजे केवळ पायी जाण्याची वाट, तर निळ्या बाणाच्या वाटेने सायकल आणि घोडाही नेता येतो. कुरणांभोवती चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती आहेत, अगदी कोकणातल्या गडग्यांसारख्या. त्यांतले फाटक उघडे दिसले तर उघडे आणि बंद दिसले तर बंद ठेवूनच पुढे जावे. भिंतीवर चढून पलीकडे उतरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वरचा एक दगड निसटला की त्याच्या शेजारचे चार निसटतात.

मॅलमची सुमारे 8 किलोमीटरची फेरी हा या भागाचा गाभा आहे आणि तिच्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा. गावातून निघालेली वाट झाडीतून जॅनेट्स फॉस या बुटक्या धबधब्याशी जाते आणि तेथून गॉर्डेल स्कार या अरुंद, उंच कड्यांच्या घळीत शिरते. अधिकृत पायवाट या घळीत चक्क धबधब्याला खेटून खडक चढते. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे हात रोवायच्या खाचांवरून पाणी वाहत होते. आमच्यापुढचे दोन तरुण चढून गेले, पण आम्ही दहा मिनिटे बघत उभे राहिलो आणि मागे फिरलो. त्याचा पश्चात्ताप नाही, कारण घळीच्या तोंडाजवळच्या पुलापासून कुरणांतून जाणारी दुसरी वाट मॅलम कोव्हच्या माथ्यावर पोहोचवते.

मॅलम कोव्ह हा सुमारे 80 मीटर उंचीचा, कमानीसारखा वळलेला चुनखडकाचा पांढुरका कडा आहे. काळ्या कातळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तो प्रथम खोटाच वाटतो. माथ्यावर खडकाची फरसबंदी पसरलेली आहे. तिच्या खोल फटींत वाकून पाहिले तर वर गवताचे पातेही नसताना आत सावलीत नेचे वाढलेले दिसतात. पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने चुनखडक विरघळत जाऊन या फटी रुंद झाल्या आहेत. लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला हा दगड ओला असताना साबणासारखा सटकतो. एका फटीत माझा पाय घोट्यापर्यंत गेला आणि खरचटण्यावर निभावले. घोटा झाकणारे बूट खोलीवर ठेवून येण्याची हौस माझीच होती. येथून खाली जाण्यास सुमारे 400 पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर फेरी उलट दिशेने करून या पायऱ्या चढाव्यात. कड्यावर बहिरी ससाण्याची वीण होते, म्हणून दुर्बीण सोबत असावी.

हिमयुगाच्या अखेरीस या कड्यावरून प्रचंड धबधबा कोसळत असे. आज तो कोरडा असतो, पण डिसेंबर 2015 मधल्या अतिवृष्टीत काही काळ पाणी पुन्हा वरून पडले होते. एरवीचे पाणी कोठे जाते हे पाहायचे असेल तर दुसऱ्या दिवशी वॉटलोज या कोरड्या दरीतून मॅलम टार्न या तळ्याकडे चालत जावे. तळ्यातून निघालेला ओढा थोडे अंतर खळखळत येतो आणि दगडगोट्यांत जिरून दिसेनासा होतो. तो कोव्हच्या पायथ्याशी बाहेर येत असावा, असेच कोणालाही वाटेल. तसे नाही. पायथ्याचा झरा दुसऱ्याच पाण्याचा आहे.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीने सेटल गाठून रेल्वेने रिबलहेडला गेलो. 24 कमानींचा तेथील रेल्वेपूल 1870 च्या दशकात बांधलेला आहे आणि 1980 च्या दशकात हा रेल्वेमार्ग बंद होण्याच्या बेतात होता. पुलाखाली वारा अंगातून आरपार जातो, तेव्हा मे महिना असला तरी विंडचीटर न्यावाच. व्हर्नसाइड, इंगलबरो आणि पेन-य-गेंट ही तीन शिखरे एका दिवसात करणारे पुष्कळ भेटतात, पण ती चाल सुमारे 39 किलोमीटरची आहे. सुट्टीवर आलेल्याने त्यांतले एखादेच निवडावे, असे माझे मत.

दऱ्यांमध्ये फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा 'ओएल 2' हा 1:25,000 प्रमाणाचा कागदी नकाशा जवळ ठेवावा. अपघात झाल्यास 999 वर पोलिसांना सांगून 'माउंटन रेस्क्यू' म्हणजे डोंगरी बचाव पथक मागवावे. बसगाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. या उद्यानाला 2020 मध्ये अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली आहे, परंतु मे अखेरीस साडेनऊपर्यंत उजेडच असतो. तारे पाहायचे असतील तर हिवाळ्यात यावे.

शेवटच्या संध्याकाळी गावाच्या दक्षिणेला एअर हेड येथे गेलो. गावापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, गवताच्या कडेला जमिनीतून गार, स्वच्छ पाणी उसळत होते. तळ्याखाली दोन दिवसांपूर्वी आमच्यासमोर जिरलेल्या ओढ्याचे पाणी येथे वर येते.