एक्सेलचा यूजरफॉर्म ओढून लहान-मोठा करायचा असेल तर

एक्सेलच्या यूजरफॉर्मची, म्हणजे आपण स्वतः बनवलेल्या खिडकीची, कड माउसने धरून ओढता येत नाही. सोसायटीच्या सभासदांची यादी लिस्टबॉक्समध्ये दाखवली, की लांब नावं कापली जातात आणि मॉनिटरवर भरपूर जागा मोकळी असूनही स्क्रोल करत बसावं लागतं. विंडोजच्या एपीआयने, म्हणजे विंडोजच्या तयार फंक्शनांनी, फॉर्मला ओढता येणारी कड देता येते. पण त्या फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या ‘डिक्लेअर’ ओळी 64 बिट ऑफिसमध्ये ‘पीटीआरसेफ’ लिहिल्याशिवाय कंपाइल होत नाहीत आणि मॅकवर ती सोयच नाही. निव्वळ व्हीबीएतला (ऑफिसच्या मॅक्रोच्या भाषेतला) उपाय मला जास्त पसंत आहे, कारण त्यात किमान आकार आपल्या ताब्यात राहतो.

फॉर्मच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 12 बाय 12 पॉइंटचं लेबल ठेवा. फॉन्ट मार्लेट आणि कॅप्शन इंग्रजीतला लहान ‘ओ’ दिला, की विंडोजवर तिरक्या रेघांची मूठ दिसते. माउसपॉइंटर 8 (तिरका दुहेरी बाण) ठेवा.

लेबलच्या माउसडाउनमध्ये, म्हणजे बटन दाबताच चालणाऱ्या कोडमध्ये, माउसची जागा सांगणारे एक्स आणि वाय मोड्यूल पातळीवरच्या दोन व्हेरिएबलमध्ये साठवा. माउसमूव्हमध्ये बटन 1 असेल तरच नवी रुंदी काढा: फॉर्मची सध्याची रुंदी अधिक आताचा एक्स, वजा साठवलेला एक्स. उंचीचंही तसंच. रुंदी 260 किंवा उंची 200 पॉइंटच्या खाली जात असेल तर फॉर्मला ती देण्याआधीच तिथे थांबवा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एक्स आणि वाय लेबलच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून मोजले जातात. फॉर्म वाढल्यावर लेबल सरकलं नाही, तर तोच फरक प्रत्येक माउसमूव्हला पुन्हा मिळवला जातो आणि फॉर्म सुसाट वाढत सुटतो.

म्हणून खरं काम यूजरफॉर्मच्या रिसाइझ इव्हेंटमध्ये, म्हणजे आकार बदलताच चालणाऱ्या कोडमध्ये, आहे. प्रत्येक कंट्रोलच्या टॅगमध्ये चार अंक लिहा: लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट या क्रमाने, बदलायचं असेल तर 1, नाहीतर 0. शोधायच्या टेक्स्टबॉक्सला 0010, यादीला 0011, खालच्या उजव्या बटनांना आणि मुठीच्या लेबलला 1100. टॅग हा मजकूर असल्यामुळे सुरुवातीची शून्यं टिकतात. टॅग रिकामा असेल तर कंट्रोल तसाच सोडून द्या.

इनिशियलाइझमध्ये (फॉर्म लोड होताना चालणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक कंट्रोलची मूळ चार मापं आणि फॉर्मची इनसाइडविड्थ, इनसाइडहाइट साठवून ठेवा. साध्या विड्थ-हाइटमध्ये कडा आणि टायटल बारही धरलेले असतात, म्हणून इनसाइडचीच मापं घ्या. रिसाइझमध्ये आताच्या मापातून मूळ माप वजा करा आणि तो फरक त्या-त्या अंकाने गुणून कंट्रोलच्या मूळ मापात मिळवा. मागच्या वेळच्या मापात मिळवत गेलात तर बारीक चुका साचत जातात आणि थोड्या ओढाताणीनंतर बटनं जागा सोडतात. मापं साठवून होण्याआधी रिसाइझ चालू नये म्हणून एक बूलियन (ट्रू किंवा फॉल्स असं व्हेरिएबल) ठेवा, ते ट्रू होईपर्यंत इव्हेंटमधून बाहेर पडा. एखाद्या कंट्रोलची रुंदी वजा झाली तर 380 क्रमांकाची एरर येते. तसं झालं तर किमान आकार वाढवा.

लिस्टबॉक्सचं इंटिग्रलहाइट फॉल्स करायला विसरू नका. ते ट्रू असलं की यादी स्वतःची उंची पूर्ण ओळींत बसवते आणि खालच्या बटनांपर्यंतचं अंतर सारखं कमी-जास्त होत राहतं. फॉल्स केल्यावर शेवटची ओळ कधी अर्धी दिसेल, तेवढं चालतं. यादी रुंद झाली तरी कॉलमविड्थ्समध्ये ठरवून दिलेल्या रुंद्या आपोआप बदलत नाहीत. फ्लॅट नंबरला 50, फोनला 80, थकबाकीला 60 पॉइंट ठेवून, स्क्रोलबारसाठी आणखी 20 सोडून, उरलेली सगळी रुंदी नावाच्या कॉलमला द्या आणि ती स्ट्रिंग रिसाइझमध्येच नव्याने बांधा.

फ्रेममधल्या कंट्रोलची मापं फ्रेमच्या कोपऱ्यापासून असतात. त्यामुळे फ्रेम वाढणार नसेल तर आतल्या कंट्रोलना 0000 द्या.

शेवटचा आकार सेव्हसेटिंगने क्वेरीक्लोजमध्ये (फॉर्म बंद होण्याआधी चालणाऱ्या इव्हेंटमध्ये) ठेवता येतो, आणि पुढच्या वेळी इनिशियलाइझच्या अखेरीस गेटसेटिंगने परत घेता येतो. मात्र ‘बंद करा’ बटनात हाइड लिहिलं असेल तर फॉर्म नुसता लपतो आणि क्वेरीक्लोज चालत नाही, तिथे अनलोड वापरा.