उजवा पाय वाजतोय, माऊली

पंढरीच्या वारीत दिवे घाटाचा चढ मला कधी जड गेला नाही. पुण्यातून सासवडपर्यंतचा टप्पा सगळ्यात लांब, घाट येतो तोवर पोटऱ्या भरून आलेल्या असतात, तरीही रथाला जुंपलेल्या जादा बैलजोड्या दिसल्या, टाळांचा आवाज डोंगरावरून परत येऊ लागला की माणूस वर कधी पोचतो ते कळत नाही. पाय फसवतात ते पुढे, सपाट रस्त्यावर. तिथे दम लागत नाही, म्हणून दमल्याचं ध्यानात येत नाही.

जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. हे दिवस माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेले आहेत.

मी टाळकरी, आणि पोटापाण्याचा व्यवसाय फिजिओथेरपीचा. त्यामुळे भजनात असतानाही डोळा लोकांच्या खांद्यांकडे जातो. टाळ मनगटानं वाजवायचा. सकाळी काकड्यानंतर सगळ्यांचे कोपर अंगालगत असतात. दुपारी तीनच्या सुमारास तीच रांग पाहा: कोपर वर आलेले, खांदे कानाकडे सरकलेले, काहीजण तर कमरेतून झुलून टाळ आणताहेत. ठेका मात्र जागच्या जागी. निकोलाय बर्नस्टाईन या शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मॉस्कोत कामगारांच्या हातोड्याच्या घावांची चित्रं घेतली, तेव्हा दिसलं की मुरलेल्या कारागिराचा हातही दोनदा एकाच वाटेनं जात नाही, पण हातोडा पडतो बरोबर. शरीराकडे एका कामाच्या अनेक वाटा असतात. स्नायू थकला की शरीर त्यातली दुसरी वाट धरतं. हातोडा आणि करवत चालवणाऱ्यांवर पुढे झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं: कोपराचे स्नायू थकले की खांदा आणि धड जास्त हलू लागतं, काम बाहेरून जवळजवळ तसंच राहतं.

मला यात माऊलींची कृपा दिसते. शरीराला ही मुभा नसती तर कुणीच पंढरपूरला पोचला नसता. पण जो भाग त्या कामासाठी तयार नाही त्याच्यावर ओझं जातं, आणि रात्री राहुटीत जो खांदा धरतो त्याचा मालक म्हणत असतो, “मी तर मनगटानंच वाजवत होतो.”

बरड ते नातेपुते. त्या दुपारी पाऊस नव्हता, ढगही नव्हते. डाव्या टाचेला फोड आलेला. सकाळपासून मी ती टाच अलगद टेकवत होतो, म्हणजे उजव्या पायावर जास्त वेळ उभा राहत होतो. त्यात आमची रांग रस्त्याच्या कडेची. पाणी वाहून जावं म्हणून डांबराला कडेला उतार असतो. दिवसभर त्याच बाजूला चाललं की एक पाय कायम जरा खाली पडतो. वीसेक किलोमीटर म्हणजे सुमारे तीस हजार पावलं, पंधरा हजार एकेका पायाची, आणि प्रत्येक पाऊल त्याच तिरक्या जमिनीवर. मागून कुणाच्या तरी ट्रकचा भोंगा सारखा वाजत होता. बाजूनं मोबाइल उंच धरून चित्रण करणारी पोरं रांगेत घुसत होती. माझं नाम तोंडात होतं, पण मनात नुसती चिडचिड होती. वारीत हे होतं, आणि ते झाकून लिहिण्यात अर्थ नाही.

“माऊली, उजवा पाय वाजतोय तुमचा.”

मागे वळलो. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी, आमच्या दिंडीतली नव्हे, आपली दिंडी पुढे गेली म्हणून आमच्यामागून चालत होती.

“कधीपासून, माऊली?”

“धर्मपुरीपासनं ऐकतीय. आधी एक-एक वाजायचा. आता सारखाच फटफट.”

मी थांबून ऐकलं तर खरंच. टाच टेकल्यावर पावलाचा पुढचा भाग हळू खाली उतरवायचं काम नडगीच्या पुढच्या स्नायूचं. लांबत लांबत तो पावलाला धरून ठेवतो. थकला की धरता येत नाही, पाऊल पडतं आणि आपटतं. त्यापुढची पायरी ठेच लागण्याची, कारण पाऊल पुढे नेताना बोटं जमिनीपासून जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर असतात. ती उचलणाराही तोच स्नायू. थकव्यात सांध्याची जाणही बोथट होते. घोटा किती वळलाय याचा अंदाज चुकतो. दुखण्याच्या कितीतरी आधी आवाज बदलतो, आणि आपला आवाज आपल्याला टाळांत ऐकू येत नाही.

तिनं तुळस उतरवून लिंबाच्या बुंध्याशी ठेवली, मला बसवलं. माझ्या हातातले टाळ सोडवले, दोऱ्या नीट गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या. नडगीच्या बाहेरच्या कडेनं अंगठा दाबत खालून वर नेला, एका जागी माझा श्वास अडकला तिथे थांबली. घाई नाही. “बैलाचं असंच असतंय,” ती म्हणाली, “लंगडायच्या आधी खूर वेगळा वाजतोय. तवाच जू उतरवायचं.” मग टाचेच्या फोडाभोवती स्वतःच्या लुगड्याच्या चिंधीची गोल चुंबळ करून बांधली, म्हणजे फोडावर दाब यायला नको आणि टाच सरळ टेकता यावी. मी जे पैसे घेऊन लोकांना शिकवतो ते तिनं न बोलता केलं. एक मुलगा आमच्यावर मोबाइल धरून उभा राहिला, मी त्याला मोठ्यानं ओरडलो. ती म्हणाली, “असू द्या, माऊली आहे त्योबी.” मी तिच्या पाया पडलो, तीही माझ्या पडली. उठताना तिनं मला रस्त्याच्या दुसऱ्या कडेला नेलं आणि चिंधी सैल होईल तेव्हा पुन्हा बांध म्हणून बजावलं.

नातेपुत्याला पोचलो तर आमच्या दिंडीतला एक तरुण तंबूबाहेर पाय वर करून बसलेला. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत सूज, बोट ठेवलं की कळ. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या शिपायांची अशीच सुजलेली पावलं नोंदवली. आत हाडाला चीर गेलेली असते हे क्ष-किरण आल्यावर, म्हणजे १८९५नंतर, दिसलं. पोटरीचे आणि बोटं वाकवणारे स्नायू चालताना त्या बारीक हाडांवरचा वाक सांभाळतात. ते थकले की वाक हाड सोसतं, हजारो पावलं. वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांनी त्याला चालायला मनाई केली. तो रडला. सामानाच्या ट्रकमध्ये बसून वारी कसली, म्हणाला. सकाळी तर पाय ताजे वाटत होते, म्हणाला. मी त्याला समजावलं की जोराचा रेटा स्नायूला लवकर परत मिळतो, पण चालण्याला लागणारी हलकी, सततची ताकद भरून यायला कधी कधी दिवस जातात. काकड्याला उठल्यावर वाटणारा ताजेपणा अपुरा असतो. त्याला तेव्हा हे नको होतं. मग मी गप्प बसून त्याच्याबरोबर भजनाला टाळ धरला.

सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. अश्व धावला, डोळे भरून आले.

वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा. तुकोबांना इथून विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात, म्हणून सगळे धावतात. उतारावर मांडीचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात आणि त्यांनाच सर्वांत जास्त इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं, म्हणजे नेमकं वाखरीला. मला हे पाठ आहे. तरी माझा कंठ दाटून आला आणि मी धावलो, पावलं बारीक टाकत, फोडाची चिंधी घट्ट करून.

त्या रात्री वीणेकरीबुवांशी बोललो. प्रत्येक विसाव्याला टाळकऱ्यांच्या रांगांनी बाजू बदलावी, कडेची रांग आत यावी, आणि पुढच्याचा पाय वाजायला लागला तर मागच्यानं तोंडानं सांगावं. ते लगेच तयार झाले. दुपारच्या शेवटच्या तासात पावली, म्हणजे भजनाच्या ठेक्यावर टाकायची पावलं, जरा संथ घ्यावी हे मात्र त्यांना पटेना. चाल पडली की भजन पडतं, असं त्यांचं म्हणणं. पंढरपूरच्या वेशीपर्यंत आमचा त्यावर वाद चालूच होता.