कोरियनमधलं 'करायला गेले एक...' आणि माझे तीन आठवडे

टॉपिक २ ची, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची, तयारी करतेय, पुण्यातूनच, ऑनलाइन क्लास. क्रियापदं, आदराची रूपं सगळं बऱ्यापैकी जमलं होतं पण 'ठरवलं एक आणि झालं दुसरंच' हे सांगायची वेळ आली की मी अडायचेच. कारण मराठीत आपण 'जाणार होते पण' म्हणतो आणि सुटतो, तिकडे मात्र नेमकं काय फिसकटलं त्यावर रूप बदलतं.

सगळ्यात सोपं र्यॉगो हेन्नुन्दे. 'नागार्यॉगो हेन्नुन्दे पिगा वास्सॉयो', बाहेर जाणार होते पण पाऊस आला. पावसाने घोळ केला तरी चालतं. र्यॉदागा ला ते चालत नाही, ठरवणारी आणि बेत बदलणारी एकच व्यक्ती लागते, म्हणून तिथे 'पाऊस आला म्हणून मी गेले नाही' असं स्वतःपर्यंत आणून सोडावं लागतं. हे कळायला मला आठवडा लागला, पण 'चॉन्ह्वाहार्यॉदा मारास्सॉयो' ऐकलं आणि एकदम ओळखीचं वाटलं, अरे हे तर आपलं 'फोन करता करता राहिले'!

खरी अडचण चुकून झालेल्या गोष्टींची. मीठ टाकायला गेले आणि साखर पडली, हे मी शब्दशः नॉउरॉ कास्सॉयो करून सांगितलं तर टीचरनी विचारलं, कुठे गेलीस? त्यांच्याकडे ते 'गेले' म्हणजे खरंच पायांनी जाणं. बरोबर वाक्य होतं 'सोगुमुल नॉन्नुन्दानुन गे सॉल्थांगुल नॉऑस्सॉयो'. मी इंग्रजी अर्थ पाठ करत बसले होते, ते डोक्यात राहीचना. मग नीट पाहिलं तर दानुन मध्ये 'असं म्हणणं' लपलंय, दागो हानुन चं ते छोटं रूप. म्हणजे मनात म्हटलेलं वाक्य तसंच्या तसं ठेवायचं, म्हणूनच गोष्ट कालची असली तरी तिथे वर्तमानकाळ, भूतकाळ फक्त शेवटच्या क्रियापदाला.

आणि हे आपल्याकडे आहे की! 'दहा मिनिटं म्हणून आडवी झाले ती दोन तासांनीच उठले.' त्यातलं ते 'म्हणून'. त्याच दिवशी वहीतले सगळे इंग्रजी अर्थ खोडले आणि मराठी लिहिले, पुढच्या क्लासला न अडखळता बोलले, 'शिप्पुनमान चान्दानुन गे तु शिगानिना चास्सॉयो'.