ओरिकी आधी तोंडात बसू दे, वहीत नंतर

ओरिकी, म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांची पारंपरिक कविता, फळ्यावर लिहून शिकवू नये असं माझं आता पक्कं मत झालंय. आधी कानावर पडू दे, पोरांच्या तोंडात बसू दे, मग काय लिहायचं ते लिहा. नायजेरियात इबादानला राहायला आल्यापासून मी घराजवळच्या एका प्रायमरी शाळेत मदतीला जाते, ठरलं होतं गणिताच्या तासाचं, पण शेजारच्या वर्गातून योरुबा कविता ऐकू यायला लागली की माझा सगळा जीव तिकडेच, शेवटी तिथल्या बाईंना विचारून मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. इथे मुलं बाईंना आंटी म्हणतात, मीही तेच म्हणते.

ओरिकी म्हणजे स्तुतिकाव्य. आपल्या बिरुदावलीसारखंच, फक्त ते राजेरजवाड्यांपुरतं नाही, घराण्याची ओरिकी असते, गावाची असते, प्राण्यांचीसुद्धा असते. आणि परंपरेने बाळाला नेहमीच्या नावाशिवाय एक लाडाचं ओरिकी नावही मिळतं, मुलगा असेल तर अजानी, अकान्नी, अयिंदे, मुलगी असेल तर आबेके, अडुके, अशाके. आंटी सुरुवातच इथून करते. होमवर्क काय, तर घरी जाऊन आजीला विचारायचं, माझी ओरिकी म्हणून दाखव. वही काढायचीच नाही. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी आजीकडून अख्ख्या घराण्याची ओरिकी शिकून आली, उभी राहिली आणि सुरूच झाली, मधे एक ओळ अडली तर घाबरली नाही, आजी करत असेल तशी मान हलवली, दोन ओळी मागे गेली आणि परत त्याच जोरात पुढे. वर्ग गप्प ऐकत होता.

सगळ्यात मजा जुळ्यांच्या ओरिकीला. योरुबा लोकांमध्ये जुळ्यांचं प्रमाण खूप जास्त आहे, इथून जवळचं इग्बो-ओरा गाव तर त्यासाठी जगभर माहीत आहे, त्यामुळे वर्गात एखादी ताइवो-केहिंदेची जोडी असतेच. (आधी जन्मतो तो ताइवो, पण मोठा मानतात केहिंदेला, कारण त्यानेच ताइवोला पुढे पाठवलं, जा जग कसं आहे बघून ये म्हणून!) या ओरिकीत जुळी म्हणजे झाडाच्या शेंड्यावर खेळणारी माकडाची पोरं, 'बे किशी, बे केशे' करत उड्या मारतात आणि थेट चिंध्या नेसणाऱ्याच्या घरात जाऊन त्याला कपडेवाला करून टाकतात. 'किशी'ला एक उडी, 'केशे'ला दुसरी, सगळा वर्ग बाकांच्या मधे उड्या मारत असतो, आणि ती ओळ मग कोणी विसरत नाही.

योरुबात स्वर चढा, मधला की खालचा यावर शब्दच बदलतो, त्यामुळे चाल चुकली तर कवितेचं काहीतरी भलतंच होतं. आंटी एखादी ओळ शब्दांशिवाय नुसती गुणगुणते आणि मुलांनी ओळखायची कुठली ते. डुनडुन ढोलाचंही असंच आहे, काखेत धरून दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो, ढोल अक्षरशः बोलतो. आता हे फळ्यावर कसं लिहिणार? परीक्षेत मात्र याच कवितेच्या रिकाम्या जागा भरा, आणि तिथे मग उड्या मारणारी तीच मुलं पेन चावत बसतात, मला ते बघवत नाही.

निवड करतानाही डोकं लावावं लागतं. एकुन इयावो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीचं रडगाणं, ते एवढ्या लहान मुलांना काय कळणार. इजाला ही शिकाऱ्यांची कविता, लोखंडाचा देव ओगुन याच्याशी जोडलेली, म्हणून काही ख्रिश्चन आणि मुस्लिम पालकांना ती नको असते. त्यांचं ऐकून घ्यावं, पण म्हणून अख्खी इजाला टाकून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, त्यात हत्तीचं वर्णन काय सुंदर आहे, जंगल 'किजिकिजी' हलवत जाणारा एकटा हत्ती!

योरुबात वेळ घालवला तर इंग्लिश कच्चं राहील ही भीती तर असतेच. पण इले-इफे या योरुबा शहरात 1970 साली शिक्षणतज्ज्ञ बाबाटुंडे फाफुन्वा यांनी जो प्रकल्प सुरू केला त्यात प्राथमिकची सहाही वर्षं योरुबातून शिकवलं, इंग्लिश वेगळा विषय म्हणून, आणि ती मुलं इंग्लिशमध्येही मागे पडली नाहीत.

राहिला प्रश्न वर्गातल्या इग्बो आणि हाउसा या नायजेरियातल्याच दुसऱ्या समाजांच्या मुलांचा, त्यांच्या घरी योरुबा ओरिकी कुठून असणार. त्यांच्यासाठी आंटी वर्गालाच नवीन ओरिकी रचायला लावते. सध्या एका इग्बो मुलाची चालू आहे, तो भारी गोलकीपर आहे म्हणून त्यात 'किजिकिजी' पाहिजेच असा सगळ्यांचा हट्ट, आंटी म्हणाली तो शब्द हत्तीचा, याच्यासाठी याचा स्वतःचा शोधा, तर रोज कोणीतरी नवा आवाज घेऊन येतंय आणि तो पोरगा एकेक ऐकून नाही म्हणतोय.